सोलापूरच्या हिवाळ्यात कोणती फुले लावावीत?

प्रश्न : महाबळेश्वरला बहिणीच्या अंगणात पॅन्सी मार्चपर्यंत फुलते, सोलापुरात माझ्या गच्चीवरची रोपे मात्र जानेवारीअखेरीसच माना टाकतात. माझे काय चुकते?

उत्तर : आपले काही चुकलेले नाही. पॅन्सीला रात्रीप्रमाणे दिवसही थंड लागतो, आणि सोलापुरात पहाटे गारठा असला तरी दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो. शिवाय गच्चीची फरशी तापली की कुंडीतली मुळेही तापतात. म्हणून येथे ऊन सोसणारी झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, पिटुनिया ही फुले निवडावीत. मला स्वतःला पिटुनिया सर्वांत भरवशाची वाटते. तिचे बी खसखशीहूनही बारीक असते व त्याला उगवायला उजेड लागतो, त्यामुळे सप्टेंबरअखेरीस ते ओलसर मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती ओढू नये आणि पाणी झारीने न घालता बारीक फवाऱ्याने द्यावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते, म्हणून कुंडी भरताना तिच्यात कुजलेले शेणखत व वाळू सढळ हाताने मिसळावी. कोकणात दमट हवेमुळे बुरशीचा त्रास अधिक, तेथे रोपे विरळ लावावीत. पॅन्सीचा मोह सुटतच नसेल, तर सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा पूर्वेच्या कोपऱ्यात दोनच कुंड्या ठेवाव्यात.