दिवे लावले की डिझेलचा काटा खाली

प्रश्न : आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर होती, तिची आम्ही घरगाडी करून घेतली. मागं पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज. तेव्हापासून डिझेलचा काटा भरवशाचा राहिला नाही. दिवसा टाकी भरली की बरोबर ‘फुल’ दाखवतो. संध्याकाळी दिवे लावले की झटक्यात निम्म्याखाली येतो. मेकॅनिक म्हणतात, मीटर गेलं, नवीन घाला. टाकीवर आता पलंगाची पेटी आली आहे. काय करावं?
– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर

उत्तर : बाई, मीटर अजिबात घेऊ नका. ‘दिवे लावले की’ हे तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यातच निम्मं उत्तर आलं. मीटर खराब असतं तर त्याला दिवसरात्र कुठली कळणार?

टाकीत फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा गोळा असतो. डिझेलबरोबर तो खालीवर होतो, तसा त्याला जोडलेल्या युनिटचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) बदलतो आणि काटा सरकतो. या युनिटची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडं परत नेणारी जोडणी, चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) असते, मागच्या दिव्यांचीही तिथंच. तो सांधा गंजला किंवा रंगाखाली गेला, की दिव्यांचा करंट तिथं तुंबतो आणि काटा खोटं बोलतो. आपल्या खानापूर-कणकुंबीच्या पावसात चेसिसला गंजरोधक काळा रंग हवाच, पण मारणारा अर्थिंगचा बोल्ट झाकत नाही. वरून फ्रिजची निगेटिव्हही त्याच बोल्टला आवळतात. बेळगावच्या उद्यमबागेत माझ्याकडं येणाऱ्या घरगाड्यांत हे मी पुन्हा पुन्हा बघतो.

काम सुरू करण्याआधी गॅस सिलिंडर बंद करून गाडीबाहेर काढा, दारं उघडी ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीलगत साचतो, आणि वायर टेकवताना ठिणगी उडतेच. यात तडजोड नको.

मग एक लांब वायर घ्या. एक टोक युनिटच्या अर्थला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवे लावा. काटा जागचा हलला नाही, तर चोर सापडला. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासायचा, नवीन थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवायचं, घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस. ग्रीस आवळल्यावरच. फ्रिजची निगेटिव्ह जाड वायरीनं वेगळी बॅटरीला न्यायला सांगा.

त्यानंही फरक पडला नाही तर टाकीवरची मीटरची वायर काढून चावी द्या. काटा एका टोकाला जायला हवा. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली की दुसऱ्या टोकाला. क्षणभरच, जुनी मीटरं जास्त वेळ सोसत नाहीत. दोन्ही टोकं गाठली तर मीटर आणि वायर ठणठणीत, दोष युनिटमध्ये. ते बाहेर काढून फ्लोटची दांडी हळूहळू फिरवत मल्टिमीटरवर बघायचं : आकडा सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर आतली पट्टी झिजली. फ्लोट कानाशी धरून हलवा; डुबुक आवाज आला तर आत डिझेल शिरलंय.

टेंपरेचरचा काटाही सोबत नाचत असता तर मी मीटरच्या मागं, तिथल्या सप्लायमध्ये शोधलं असतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

पलंगाच्या प्लायला मात्र सुताराकडून युनिटच्या बरोबर वर झाकण करून घ्याच, कडेला रबर लावून. नाहीतर दरवेळी टाकी उतरवावी लागेल, आणि मजुरी परवडत नाही म्हणून लोक दुरुस्तीच टाळतात.

तोवर टाकी गच्च भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि किलोमीटरवर हिशेब ठेवा. चोर्ला घाटात शिरण्याआधी तर नक्कीच. डिझेल संपून लाइनीत हवा शिरली, तर नुसतं डिझेल ओतून गाडी बहुधा उठत नाही; डिझेल लाइनीवरच्या हँडपंपानं हवा काढावी लागते. ती कशी काढायची हे तुमच्या मेकॅनिककडून एकदा समोर करून घ्या.