गंभीर आजारात स्वतःवर फिल्म करावी का? आणि ती अर्धवट राहिली तर?

तुम्ही विचारलंय की आजारपणात नुसत्या फोनवर स्वतःबद्दल फिल्म करणं झेपेल का, घरच्यांना ते आवडत नसेल तर काय करायचं, आणि फिल्म अर्धवटच राहिली तर. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मला वाटतं, खरी भीती तिथेच आहे.

फिल्म अशी आखा की ती कुठल्याही दिवशी थांबली तरी अर्धवट वाटणार नाही. निदान, मग उपचार, मग बरं होणं किंवा न होणं, असा लांबलचक आराखडा धरला की फिल्मचा शेवट तुमच्या रिपोर्टच्या हातात जातो. रिपोर्ट येईपर्यंत फिल्म लटकलेली आणि तुम्हीही. त्यापेक्षा तीन-चार मिनिटांचे सुटे तुकडे करा. एका तुकड्यात एकच गोष्ट: एखाद्या दिवशी औषधांचा डबा भरणं, एखाद्या दिवशी जिना चढणं. तो तुकडा शूट करून, कापून, आवाज लावून पुरा झाल्यावरच पुढचा घ्यायचा. पाच तुकडे झाले तर पाच तुकड्यांची फिल्म, तीस झाले तर तीस तुकड्यांची. दोन्ही पूर्णच.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. आजाराआधी मी दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करायचे. आता माझ्या किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मी डायलिसिसच्या मशीनवर असते. ते संपल्यावर अंगातून सगळं काढून घेतल्यासारखा थकवा येतो. त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. शूटिंग मधल्या दिवशी, सकाळी, थोडाच वेळ. तुमचा आजार वेगळा असेल, पण तुमचंही असं काही वेळापत्रक असणारच. केमोनंतरचे कुठले दिवस वाईट जातात, ताप साधारण कधी चढतो, गोळीचा असर किती वेळ टिकतो, हे आधी महिनाभर नुसतं टिपून ठेवा. फिल्मचं वेळापत्रक त्यातूनच निघतं. चांगल्या दिवसाच्या हिशोबाने काम ठरवू नका, बऱ्यापैकी वाईट दिवशीही जेवढं होईल तेवढंच ठरवा.

शरीर जे करू देत नाही, त्यातूनच फिल्मचं रूप ठरतं, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या एका हातात डायलिसिससाठी केलेला फिस्टुला आहे, म्हणजे धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडलेली. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्याच्यावर घट्ट पट्टा बांधायचा नाही, त्या हाताचं बीपीसुद्धा घ्यायचं नाही. त्यामुळे हातात कॅमेरा धरून फिरणं बंद झालं. फोन टेबलाला क्लॅम्पने लावते आणि चौकट हलवत नाही. त्याचा फायदा असा झाला की मी एकाच ठिकाणी बराच वेळ बघायला लागले. पडद्याची सावली सरकते, कोणीतरी चौकटीत येतं, काहीतरी ठेवतं, जातं. आधीच्या कामात असे शॉट मी निर्दयपणे कापून टाकले असते.

आवाजाचंही तसंच. फिस्टुलावर बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवते, आणि स्टेथोस्कोपने ऐकलं तर वाहत्या रक्ताचा घुसघुस आवाज येतो. मी स्टेथोस्कोपच्या नळीत छोटा कॉलर माइक बसवून तो रेकॉर्ड केला. एक आख्खा तुकडा फक्त त्या आवाजावर उभा आहे, समोर दिसते ती फक्त खिडकी. तुमच्याकडेही असं काहीतरी असेल: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा आवाज, इन्फ्युजन पंपाची टिकटिक, तुमचा स्वतःचा श्वास. चित्रापेक्षा आवाज आधी गोळा करा. पडून राहूनही तो घेता येतो.

या बाबतीत ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मन यांचं उदाहरण मला फार धीर देतं. एड्समुळे त्यांची नजर जात चालली होती. १९९३ मध्ये त्यांनी ‘ब्लू’ केली. ७९ मिनिटं पडद्यावर एकच निळा रंग, बाकी फक्त आवाज, शब्द आणि संगीत. पुढच्याच वर्षी ते गेले. दिसत नाही तर न दिसण्याचीच फिल्म, इतका सरळ विचार. जेनिफर ब्रिया यांना एमई हा आजार आहे. त्यात थोड्याशा श्रमानेही माणूस दिवसचे दिवस आडवा होतो. त्यांनी ‘अनरेस्ट’ (२०१७) या फिल्मचं बरंचसं दिग्दर्शन पलंगावरून, व्हिडिओ कॉलवरून केलं. शूटिंगला जाता येत नाही म्हणून त्यांनी दुसऱ्या देशांतल्या रुग्णांशी पडद्यातूनच संवाद साधला. तेव्हा झेपेल का याचं माझं उत्तर असं: जे झेपत नाही ते सोडून द्या आणि जे उरेल त्याची फिल्म करा.

काय शूट करायचं याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. रडणं, कळवळणं, सुई टोचतानाचा चेहरा, हे पुरावा म्हणून गोळा करू नका. बघणाऱ्याला वाईट वाटतं, पण त्याला काही नवीन कळत नाही. रोजच्या जगण्यात आजाराने नेमकं काय बदललं, ते शोधा. माझ्या बाबतीत ते पाणी आहे. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, त्यामुळे दिवसभरात किती प्यायचं ते ठरलेलं असतं. डाळ, चहा, दही, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढलं यावरून अंगात किती पाणी साचलं ते कळतं, आणि मशीन तेवढं खेचून काढतं. जास्त प्यायलं तर जास्त खेचावं लागतं, मग पायात गोळे येतात, बीपी उतरतं. तर मी दिवसाचं सगळं पाणी सकाळी एका जगमध्ये भरून ठेवलं, समोर फोन लावला आणि दिवसभर तो जग रिकामा होताना शूट केला. घरातली माणसं येताजाता नळ सोडतात, ग्लास भरतात, अर्धा पिऊन तसाच ठेवून जातात. त्यांच्या लक्षातही येत नाही, येण्याचं कारणही नाही. तो तुकडा बघून माझ्या भावाला पहिल्यांदा कळलं की मला तहान म्हणजे काय होतं. इतकी वर्षं मी त्याला तोंडाने सांगतच होते.

आता घरचे. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशीच सांगितलं की त्याला पडद्यावर यायचं नाही. ते मी जसंच्या तसं मान्य केलं. आजारी माणसाला नाही म्हणणं घरच्यांना आधीच अवघड जातं. आपण आग्रह धरला तर ते नाइलाजाने हो म्हणतील, आणि तो हो खरा नसतो. आमचं असं ठरलंय की त्याचा चेहरा नाही, आवाज आला तर त्याला ऐकवून मगच ठेवायचा, आणि नको म्हणाला की पुसायचा, कारण विचारायचं नाही. तुमच्या घरच्यांना नेमकं काय नको आहे ते शांतपणे विचारून बघा. फिल्म नको आहे, की त्यात दिसायला नको आहे, की तुम्ही दमाल अशी काळजी आहे? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

हॉस्पिटलमध्ये लेखी परवानगीशिवाय काही शूट करू नका. परवानगी मिळाली तरी शेजारच्या पलंगावरचं कोणी चौकटीत येता कामा नये. सिस्टर किंवा टेक्निशियन सुया लावत असताना फोन पूर्ण बाजूला. फिल्मसाठी उपचाराची वेळ पुढे ढकलायची नाही, हे मी तरी कधी मोडत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. फोनच्या कॅमेऱ्यात व्हिडिओचं रिझोल्यूशन १०८० ठेवून शूट करा. ४के मध्ये पिक्सेल चौपट, फाइल मोठ्या, आणि त्या हाताळण्यातच ताकद जाते. प्रत्येक शॉटनंतर फोनवरच तारीख आणि काय घेतलं ते बोलून ठेवा. औषधांनी विसरायला होतं, आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला ते आठवणार नाही असंच धरून चाला. फुटेजच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, शिवाय एक घराबाहेर कुणाकडे तरी. एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. शूटिंगपेक्षा एडिटिंग मनाला जड जातं, त्याची तयारी ठेवा. आपलाच सुजलेला चेहरा पंचवीसदा बघावा लागतो. मी पहिल्यांदा नुसता आवाज ऐकून कापते आणि चित्र नंतर बघते. फार झालं तर तो तुकडा बाजूला ठेवून दुसरा उघडते.

आणि आपल्या हातून पुरी झाली नाही तर? टॉम जॉसलिन आणि मार्क मासी या दोघांनाही एड्स होता. ते आपलं एकत्र जगणं शूट करत होते. जॉसलिन गेले, मग मासीही गेले, आणि जॉसलिन यांचे जुने विद्यार्थी पीटर फ्रीडमन यांनी त्या फुटेजमधून ‘सिल्व्हरलेक लाइफ’ पूर्ण केली. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म महोत्सवात तिला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. असा माणूस आधीच निवडून ठेवता येतो. शक्यतो घरातला नको. घरच्यांना ते फुटेज बघणंही जड जाईल, कापणं तर दूरच. एडिटिंग येणारा एखादा मित्र बघा आणि त्याला स्पष्ट विचारा. तो हो म्हणाला तर एक कागद लिहून ठेवा: कुठली डिस्क कुठे आहे, कुठले तुकडे झालेत, काय कधीच दाखवायचं नाही, आणि शंका आली तर शेवटचा शब्द कोणाचा. माझ्या कागदावर शेवटचा शब्द नवऱ्याचा आहे, फिल्ममध्ये तो दिसत नसला तरी. कागद पाकिटात बंद करून त्या मित्राकडे द्या, आणि त्यात फोनचा पासकोड लिहिलाय ना, ते एकदा तपासून घ्या. तो पासकोड नसेल तर बाकीच्या कागदाचा त्याला काही उपयोग होणार नाही.