पोलिस ‘गोपनीय’ म्हणतात ते कागद आरोपीला बघायला मिळतात का?

मित्रावर केस आहे, पोलिस म्हणतात काही कागद गोपनीय आहेत, आरोपीला मिळणार नाहीत, हे खरं का असं विचारलंय तुम्ही. अर्धं खरं. केस डायरी, म्हणजे तपास अधिकारी तपासाची रोजची नोंद ठेवतो ती, मिळत नाही, विषय संपला. कोर्ट ती मागवून बघू शकतं, आरोपी नाही, फक्त तपास अधिकारी साक्ष देताना त्यात बघून उत्तरं द्यायला लागला तर तेवढ्या भागावर त्याला उलटतपासात धरता येतं. पण डायरी मिळत नाही म्हणजे काहीच मिळत नाही असं नाही, आणि हे पोलिस सांगणार नाहीत. आमच्याकडे तर खात्यातून रिटायर झालेल्या साडूभाऊंनीही सांगितलं नाही.

माझ्या धाकट्या भावावर ३२६ लागलं होतं (घातक हत्याराने गंभीर दुखापत, जुन्या आयपीसीचं कलम). पार्किंगवरून बाचाबाची, समोरच्याचा हात मोडलेला आणि फिर्याद काय, तर याने लोखंडी रॉडने मारलं. चार्जशीटला एका हॉस्पिटलचं इंज्युरी सर्टिफिकेट, पण त्यावर अ‍ॅडमिट झाल्याची तारीख दुसऱ्या दिवशीची. मोडका हात घेऊन माणूस रात्रभर झोपला का? वकीलबाईंनी चौकशी केल्यावर कळलं की आधी तो दुसऱ्याच दवाखान्यात गेला होता. तिथे गेलो तर म्हणे पेशंटचे पेपर गोपनीय, देता येत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं, मी कोण मागणारा! साडूभाऊ म्हणाले, उगाच कागद उकरू नका, जज चिडतात, मिटवून टाका. भाऊही डळमळला. बाईंनी मात्र कोर्टाने ते पेपर मागवावेत म्हणून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ९१ खाली अर्ज टाकला (आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं ९४), सरकारी वकिलांनी जोरात विरोध केला, जजनी पेपर मागवून आधी स्वतः वाचले आणि मग आम्हाला बघायला दिले. डॉक्टरच्या गिचमिड अक्षरात हिस्ट्री लिहिलेली: टू-व्हीलरवरून पडून.

कोणी चिडलं बिडलं नाही. भाऊ सुटला. साडूभाऊंचं अजून चालूच आहे, तो तसाही सुटलाच असता म्हणून. कसा सुटला असता? चार्जशीटमध्ये तर तो कागद नव्हताच ना!

तर मित्राला सांगा, चार्जशीटच्या नकला बीएनएसएसच्या कलम २३० खाली फुकट मिळतात, मिळाल्या की पान न् पान मोजून घ्यायची. शिवाय पोलिसांनी जप्त केलेल्या पण चार्जशीटला न लावलेल्या गोष्टींची यादी मागायची, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ती द्यायला सांगितलंय. यादीच हातात नसेल तर मागणार काय? आणि घरातला कोणी खात्यातला माणूस ‘कशाला कटकट’ म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वकिलाचं ऐका.

हां, एक राहिलं. ९१/९४ चा अर्ज चार्ज फ्रेम होण्याआधी, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित करण्याआधी, टाकला तर बहुतेक वेळा उडतो, आमचा साक्षीपुराव्याच्या वेळचा होता. खबऱ्याचं नाव पोलिसांकडून काढता येत नाही. लैंगिक गुन्ह्यात तर वेगळंच असतं, केरळच्या गोपालकृष्णन प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीडितेच्या व्हिडिओची कॉपी आरोपीला दिली नाही, फक्त बघू दिला, आणि ते योग्यच होतं. मित्रावर कुठलं कलम आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीये. काहीही असो, अर्ज लेखीच द्या आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाली का ते त्याच दिवशी बघा.