ग्रिडचे हेलकावे: कोण कुणाच्या विरुद्ध झुलतंय?

प्रश्न: सातपूरला आमचं वर्कशॉप आहे. संध्याकाळी ट्यूब फडफडते, ग्रिडचं ऑसिलेशन म्हणतात ते हेच का?

नाही हो. तुमच्याकडे बहुतेक शेजारचं वेल्डिंग नाहीतर लूज कनेक्शन असेल, आधी वायरमनला दाखवा कारण लूज कनेक्शन तापून आग लागते. ग्रिडचे हेलकावे म्हणजे लांबलांबच्या जनरेटरचे रोटर एकमेकांच्या मागेपुढे होणं, सेकंदाला साधारण ०.१ ते २ वेळा, आणि ते ट्यूबमध्ये नाही, मोठ्या लाइनवरच्या मेगावॅटमध्ये दिसतात.

प्रश्न: इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट मोड शेपवर, म्हणजे ग्रिडचा एकेक हेलकावा (मोड) कुठे कसा दिसतो त्यावर. फ्रिक्वेन्सी आणि डॅम्पिंग (हेलकावा किती लवकर विझतो ते) कळलं की झालं ना, शेप कशाला? आणि ग्रिडचं मॉडेल हातात नसताना काढायचा कसा?

झालं कसं? ०.५ हर्ट्झचा हेलकावा आहे, डॅम्पिंग २ टक्के, एवढं कळलं तरी कंट्रोल रूममधल्या माणसानं जनरेशन कुठलं कमी करायचं? लेझीमच्या दोन रांगा बघ, ठेका एकच पण एक पुढे येते तेव्हा दुसरी मागे जाते, आणि टोकाच्या पोराचं पाऊल मोठं, मधल्याचं छोटं. शेप म्हणजे तेच, कोण कुणाच्या विरुद्ध आणि किती.

काढायला पीएमयूचा, म्हणजे ग्रिडवर ठिकठिकाणी बसवलेल्या मोजमाप यंत्रांचा डेटा लागतो, सेकंदाला २५ किंवा ५० रीडिंग आणि सगळ्यांची घड्याळं जीपीएसवर. कंट्रोल रूमच्या नेहमीच्या देखरेख सिस्टिमच्या (स्काडा) काही सेकंदांनी येणाऱ्या रीडिंगवर हे जमणारच नाही. ग्रिडवर लोड सतत थोडाथोडा हलत असतो, त्यानेच मोड बारीक हलते राहतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटांचा शांत डेटासुद्धा चालतो. एक ठिकाण रेफरन्स धर, बाकीच्यांशी क्रॉस-स्पेक्ट्रम काढ, म्हणजे दोन ठिकाणं कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती एकत्र हलतात ते, आणि मोडच्या फ्रिक्वेन्सीवरच्या त्या आकड्याला रेफरन्सच्या स्वतःच्या स्पेक्ट्रमने भाग. उत्तरात हेलकाव्याचा आकार आणि कोन मिळतो: ०.८ आणि १० अंश आलं तर ते ठिकाण रेफरन्सच्या सोबत आहे, ०.६ आणि १७० अंश आलं तर उलट. रेफरन्स मात्र जिथे हेलकावा जोरात दिसतो तिथलाच घे, मधल्या गप्प जागेचा घेतलास तर नुसता नॉइज हाती येईल. कोहेरन्स, म्हणजे दोन सिग्नलचा मेळ ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, १ च्या जवळ नसेल तर ते उत्तर रिपोर्टमध्ये घालूच नकोस. आणि टाइमस्टॅम्प तपास, ०.५ हर्ट्झला १०० मिलिसेकंदांचा घोळ म्हणजे थेट १८ अंश चूक!

हे नुसतं कागदावरचं काम नाही बरं. १० ऑगस्ट १९९६ ला पश्चिम अमेरिकेत साधारण ०.२५ हर्ट्झचा हेलकावा विझायच्या ऐवजी वाढत गेला आणि ग्रिडचे तुकडे झाले.

प्रश्न: वडील एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात होते. सोलर वाढून असे औष्णिक संच बंद पडत गेले तर हेलकावे वाढतील का?

सरसकट हो म्हणता येत नाही. संच गेला की त्याचा जड रोटर जातो, त्याच्यावरचा पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर म्हणजे हेलकावा दाबणारं कंट्रोलही जातं, आणि वीज वेगळ्याच लाइनवरून वाहायला लागते. त्यात ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिण ग्रिड आपल्याला जोडला गेला, म्हणजे झुलणारा पसाराच केवढा मोठा झालाय. सोलरची वीज ग्रिडला देणाऱ्या इन्व्हर्टरचं कंट्रोल नीट लावलं तर तेही डॅम्पिंग देतं, चुकीचं लावलं तर बिघडवतं. त्यामुळे दुपारी भर सोलरवर शेप एक आणि रात्री दुसरा असं होऊ शकतं, आणि म्हणूनच जुन्या स्टडीतल्या शेपवर स्टॅबिलायझर सेट करून वर्षानुवर्षं हात न लावणं मला अजिबात पटत नाही, शेप चालू डेटावरून पुन्हा पुन्हा काढायलाच हवा.