‘कॅन्सर म्हणता, पण दिसत तर नाही!’

“रक्ताचा कॅन्सर आहे आणि रोज ऑफिसलाही जातो. मग मी आजारी की बरा?” हे समुपदेशक म्हणून मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा लिहायलाच हवं.

पन्नाशीतले एक गृहस्थ. (ओळख बदलली आहे.) आजार पॉलिसायथेमिया व्हेरा, रक्ताचा एक संथ कॅन्सर. यात अस्थिमज्जा लाल पेशी गरजेपेक्षा जास्त बनवते, रक्त दाट होतं आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. ॲस्पिरिनची छोटी गोळी घ्यायची आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ४५ टक्क्यांच्या खाली राहावं म्हणून अधूनमधून रक्त काढायचं. नीट उपचार घेतले तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. पण चेहरा लालबुंद, त्यामुळे लग्नकार्यात लोक म्हणतात, “तब्येत सुधारली हो!” आंघोळीनंतर, विशेषतः गरम पाण्याच्या, अंगभर सुया टोचल्यासारखी खाज. “दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला हे दोनच तांबे पाणी अंगावर घेऊन बाहेर आले,” पत्नी म्हणाल्या. “सासूबाईंना वाटलं, नखरे.”

पहिल्या तीन भेटी मी मरणाच्या भीतीमागे लागले होते. आम्हा विवेकनिष्ठवाल्यांना (हट्टाचे विचार तपासणारी ही उपचारपद्धती) माणसाच्या बोलण्यातला हट्टाचा ‘च’ शोधायची खोड: बरं व्हायला‘च’ हवं, वगैरे. ते मान डोलवायचे. चौथ्या भेटीत निघता निघता म्हणाले, “काल ३५० मिली काढलं. नर्सला विचारलं, हे कुणाला देणार? म्हणाली, टाकून द्यायचं.” मग थांबले. “मॅडम, मी ३१ वेळा रक्तदान केलंय.”

“रक्त वाया गेलं, याचं वाईट वाटतंय?”

“माझं रक्त आता कुणालाच नकोय, याचं.”

“पण रक्तदाता एवढीच तुमची ओळख आहे का?”

ते चिडले. “एवढीच नाही. पण सगळ्यांत आवडती होती!”

आणि रडले. मी गप्प बसले. त्या क्षणी युक्तिवाद केला नाही, याचं मला आजही समाधान आहे. आजाराची भीती आम्ही सगळे शोधतो; आजारानं नेलेल्या वस्तूचं सुतक कुणी विचारत नाही.

बाकीचं सोपं होतं. नातेवाइकांसाठी एक वाक्य तयार ठेवा: “रक्ताचा आजार आहे, उपचार चालू आहेत.” कॅन्सर हा शब्द कुणापुढे उच्चारायचा, हे तुम्ही ठरवा. खाज मनाची नाही, डॉक्टरांना सांगा. बोलणं अचानक अडखळलं, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला तर समुपदेशकाकडे नव्हे, तडक हॉस्पिटलात जा.

रक्तदान शिबिरात लोकांचे फॉर्म भरायला बसा, असंही मी सुचवलं. “बिस्किटं वाटायला? नको,” म्हणाले. मला ते पटलं. यंदा दिवाळीत सासूबाईंनी बादलीत गार पाणी स्वतः मिसळलं, असं पत्नीनं फोनवर सांगितलं.