पाटाकडेचं कोकोचं झाड

प्रश्न : आमच्या माडांच्या बागेत बियांपासून वाढवलेली कोकोची झाडं आहेत. पाटाकडेचं एक झाड दरवर्षी बुंध्यापासून फळांनी लगडतं. त्याच्या बिया रुजवून नवी लागवड करावी का?
– एक बागायतदार, ता. कुडाळ

उत्तर : बिया नकोत, हे आधीच सांगून टाकतो. कोकोचं परागीभवन बारीक चिलटं करतात आणि पुष्कळ झाडांना स्वतःचा पराग चालत नाही. त्या बियांची आई ठाऊक, बाप कोण ते देव जाणे.

पण माझी शंका झाडावरच आहे. पाटाकडेला पाणी मुबलक, एका अंगाने ऊन, मुळांना वाटेकरी कमी. अशा जागी सुमार झाडही भाव खाऊन जातं. चाचणीच्या प्लॉटमध्ये निवड करताना कडेची ओळ आणि मेलेल्या माडाजवळची झाडं मी आधी बाद करायचो. सोबतची पोरं हळहळायची. चहूबाजूंनी शेजार असूनही जे सगळ्या शेजाऱ्यांना भारी पडतं, त्याच्यावर माझा डोळा.

खोडावर ऑइलपेंटने नंबर टाका आणि तीन-चार वर्षं वही ठेवा. खारीने पोखरलेली, पावसाळ्यात काळी पडून कुजलेली फळं वेगळ्या रकान्यात लिहा. किलोभर सुक्या बियांना किती फळं लागतात तेही बघा. समजा एका झाडाला ६० फळं आली, पण किलोला ३० लागतात : हातात दोन किलो. दुसऱ्याला ४५च, पण किलोला २० पुरतात : सव्वादोन किलो, शिवाय फोडायचे कष्ट कमी. जाड सालीचं फळ दिसायला मोठं, आत ठणठणाट. आंबवून वाळवलेली बी सरासरी एक ग्रॅमही भरत नसेल, तर ते झाड सोडा.

१९३०च्या दशकात त्रिनिदादमध्ये पाउंड नावाच्या संशोधकाने मळ्यांतून पारखून शंभर झाडं निवडली. आयसीएस (इम्पीरियल कॉलेज सिलेक्शन) १, आयसीएस ९५ ही नावं त्यातलीच. ती जगभर गेली, ती कलमांमुळे.

तुम्हीही चार-पाच झाडं निवडा, त्यांची कलमं बागेत वेगवेगळ्या ठिकाणी विखरून लावा आणि जोडीला केरळातल्या वेल्लानिकरा किंवा कर्नाटकातल्या विट्टल इथल्या संशोधन केंद्राची कलमं तुलनेला ठेवा. कलमकाडी सरळ वर जाणाऱ्या फुटीची घ्या. आडव्या फांदीच्या काडीचं झाड पसरतं आणि छाटणीला जीव खातं. एकाच झाडाची कलमं सगळीकडे मात्र लावू नका, परागाला दुसऱ्या जातीचं झाड जवळ हवं.