आयोनाला जुनं असं उरलंय काय?

प्रश्न : मुलगी ग्लासगोला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. जावई स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आयोना बेटावर चला म्हणतात. संत कोलंबाने सहाव्या शतकात तिथे मठ स्थापन केला. पण फोटोत दिसतो तो मठ मध्ययुगातला, तोही विसाव्या शतकात दुरुस्त केलेला. मग कोलंबाच्या काळातलं तिथे काय पाहायचं? – एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, जरूर जा, आणि एक रात्र तरी बेटावर मुक्काम करा.

कोलंबा 563 साली आयर्लंडहून तिथे आला. त्याच्या मठाच्या इमारती लाकूड-मातीच्या. त्या कशा टिकणार? पण मठाभोवती घातलेला मातीचा बांध आणि चर शेतात अजून दिसतो. मठासमोर एक खडकाळ टेकाड आहे. तिथल्या झोपडीत कोलंबा लिहीत बसे, असं लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले. 1957 साली तिथे खोदताना कोळसा मिळाला. 2017 मध्ये त्याच्या रेडिओकार्बन चाचणीचा निकाल जाहीर झाला आणि तो कोळसा कोलंबाच्याच काळातला निघाला! मला तर भव्य मठापेक्षा हे टेकाड मोलाचं वाटतं.

शेजारीच सेंट मार्टिनचा क्रूस आहे, आठव्या शतकातला, एकसंध दगडाचा आणि मूळ जागीच उभा. 806 साली व्हायकिंगांनी इथे 68 जणांची कत्तल केली, तरी हा क्रूस राहिला. त्याची पश्चिमेकडची बाजू दुपारनंतर पाहा. तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं : मधोमध बाळ येशूला घेतलेली मेरी, खाली बायबलमधला, सिंहांच्या गुहेत टाकलेला दानिएल, त्याखाली वाद्यं वाजवणारी माणसं. तोवर दिवसाभरासाठी आलेली गर्दीही परतीच्या वाटेला लागलेली असते. मुक्काम करा म्हणते ते म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डून ई ही टेकडी चढा. उंची अवघी 101 मीटर, ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात फिरणाऱ्यांना काहीच नाही. माथ्यावरून पाच किलोमीटर लांबीचं अख्खं बेट दिसतं. पायाखालचा करडा नाइस खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. आपला येऊरचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा! खाडीपलीकडे मल बेटाचा ग्रॅनाइट मात्र गुलाबी. बेटावरच्या जोगिणींच्या (नन्सच्या) मठाच्या पडक्या भिंतींत तोच दगड दिसेल.

मे महिन्यात जाताय हे फार उत्तम. आफ्रिकेतून आलेले कॉर्नक्रेक पक्षी तेव्हा उंच गवतात लपून ‘क्रेक-क्रेक’ असे रात्रभर ओरडतात. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो समोर दिसतात तसा हा पक्षी सहसा दिसायचा नाही. कान मात्र उघडे ठेवा.

कोलंबा उतरला तो गोट्यांचा किनारा दक्षिण टोकाला आहे. वाट ओली, दलदलीची. गुडघे दुखत असतील तर तो बेत सोडा, पण क्रूस आणि टेकाड चुकवू नका. पर्यटकांच्या गाड्यांना बेटावर बंदी आहे, म्हणून जावयांना गाडी अलीकडच्या किनाऱ्यावरच ठेवायला सांगा. ओबनहून बोटीने क्रेगन्युअर, तिथून बसने मल ओलांडून फिओनफर्ट आणि पुढे दहा मिनिटांची फेरी. मुक्कामाची जागा आजच सांगून ठेवा, बेटावर खोल्या थोड्याच आहेत.